तळ्याकाठच्या हॉटेलांची कसून तपासणी

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. काम: हॉटेल निवडणे.

२४ एप्रिलला लग्नाला वीस वर्षं होतात. हिला विचारलं, काय हवं. मला वाटलं घड्याळ म्हणेल, फार तर मिक्सर. ही म्हणाली, हॉटेलात राहायचंय, तळ्याकाठी, दोघांनीच. वीस वर्षांत आम्ही जिथे गेलो तिथे कुणाच्या तरी घरी उतरलो, आणि जिथे उतरलो तिथे हिने भांडी घासली. त्यातून ही इस्पितळात नर्स. दिवसाला वीस खाटांच्या चादरी बदलते. तिचे शब्द जसेच्या तसे: "तीन दिवस मला दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या अंथरुणात झोपायचंय आणि सकाळचा चहा खोलीत यायला हवा. बाकी कसंही चालेल."

बाकी कसंही चालेल म्हणणाऱ्यांच्याच सहली फसतात. काम मी माझ्याकडे घेतलं.

मी बल्बच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. सतरा वर्षं. माझ्या शिक्क्याशिवाय एक बल्ब दाराबाहेर जात नाही. हॉटेल म्हणजे काय, जरा मोठा बल्ब.

साडूभाऊंना फोनवर सांगितलं तर हसले. ते म्हणे मागच्या सहलीत बसमधून उतरले, समोर पाटी दिसली, आत शिरले. मेहुणी अजून त्या हॉटेलचं कौतुक करते. याला निवड म्हणत नाहीत. याला वाचता येणं म्हणतात.

रजा शिल्लक: सहा. एप्रिलअखेर वापरल्या नाहीत तर बुडतात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन सहलीला, रविवार सुट्टीचाच. म्हणजे तीन रजा चक्क जास्तीच्या. श्रीमंत झाल्यासारखं वाटतंय.

निर्धार: आठ दिवसांत हॉटेल फायनल.

बुधवार, ५ मार्च

तळ्याकाठी एकूण अडतीस हॉटेलं. तक्ता केला. एकवीस रकाने. उशीची उंची, गरम पाणी किती सेकंदांत, जिन्याच्या पायऱ्या, डास, दाराची कडी, शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येतो का, वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण. फार सुंदर तक्ता झाला. भिंतीवर लावला तर चहाचं कपाट उघडेना, म्हणून कपाट रिकामं केलं.

लेक अकरावीत आहे. बघून म्हणाली, बाबा, तळं कुठाय. तळ्याचा रकानाच नव्हता. घातला. एकूण बावीस.

शनिवार, ८ मार्च

आतापर्यंत ९४० रिव्ह्यू वाचले. शास्त्र असं निघालं: पाच स्टार देणारे एक तर नवीन लग्न झालेले असतात किंवा मालकाचे भाचे. एक स्टार देणारे त्या दिवशी घरच्यांशी भांडलेले असतात. विश्वास ठेवावा असे फक्त तीन स्टारवाले. तेवढेच वेगळे काढले. त्या सगळ्यांनी एकच लिहिलंय: ठीक.

अडतीसच्या अडतीस हॉटेलं ठीक आहेत. एवढी माहिती हाताशी असलेला माणूस या गावात दुसरा नसेल.

रविवार, ९ मार्च

फोनवरून चाचणी. ओळख लपवून. सकाळी तरुण इंजिनीअर म्हणून फोन केले, दुपारी म्हातारे गृहस्थ म्हणून. नेमक्या प्रश्नांची यादी समोर. कोणत्या दिशेला डोकं करून झोपावं लागतं, या प्रश्नाला तिघांनी फोन ठेवला. (सेवा: शून्य.)

एका हॉटेलात काउंटरवरची बाई शांतपणे सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. शेवटी म्हणाली, आजोबा, सकाळी तुम्ही बरेच तरुण होतात. खोकला आल्याचं नाटक करून वेळ मारून नेली. तिला काही कळलं नसावं.

शुक्रवार, १४ मार्च

आठ दिवस होऊन गेले असं हिने लक्षात आणून दिलं. मी म्हणालो, अंतिम टप्प्यात आहे. ही म्हणाली, साधंसं असलं तरी चालेल हो. लेक म्हणाली, मला द्या, दोन मिनिटांत बुक करते. दोन मिनिटांत अंडंसुद्धा उकडत नाही.

आज जेवताना एकदम सुचलं. आमच्याकडे बल्बचं खोकं बाहेरून बघून कुणी शिक्का मारतं का? नाही. नमुना काढतात, लावतात, जळू देतात. मी इतके दिवस नुसतं खोकंच बघतोय. प्रत्यक्ष जाऊन राहिल्याशिवाय हॉटेल कळणार कसं? इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही.

रविवार, १६ मार्च. सकाळी ६. बस स्टँड

पाहणी दौरा क्रमांक एक. तक्त्यात पहिला नंबर असलेलं हॉटेल. एकच रजा जाणार, उद्याची.

घरी सांगितलंय, कारखान्याचं काम. आत्ताच सांगून तिच्या सहलीतली गंमत घालवायची नाही. सामान: थर्मामीटर, टेप, स्टॉपवॉच, प्रकाश मोजायचं मीटर, आणि तुलनेसाठी घरची उशी. हिने विचारलं, कारखान्याच्या कामाला उशी कशाला. म्हणालो, ते गोपनीय आहे. तिने डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं. समंजस बाई.

सोमवार, १७ मार्च

हॉटेल सपशेल नापास.

गादीची चाचणी: गादीवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवायचा, शेजारी स्वतः आडवं व्हायचं. चांगल्या गादीवर ग्लास हलत नाही. ग्लास सांडला. पुन्हा भरला, पुन्हा सांडला. पाच वेळा खात्री केली. ओल्या गादीवर झोपणं शक्य नव्हतं, म्हणून खुर्चीत झोपलो. खुर्चीत झोप उत्तम लागली, पण खुर्चीचा रकाना नाही.

खोल्या आवरणाऱ्या मावशींनी सकाळी गादी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. जाताना मला पायरीवर धरून उतरवलं, जपून हो म्हणाल्या. वयस्कर माणसांना देतात तशी वागणूक. (सौजन्य: सात.)

रजा शिल्लक पाच. तीन सहलीच्या, दोन हाताशी. सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

शनिवार, २२ मार्च

हिने नवी स्लिपर आणली. निळी, मऊ. म्हणाली, ही घरात घालायची नाही, हॉटेलच्या खोलीतच घालायची. खोक्यात ठेवून खोकं कपाटावर ठेवलं. दोनदा काढून पाहिलं.

मला एकदम काळजी वाटली. स्लिपरचा तळ रबरी. फरशी गुळगुळीत असली तर? तेविसावा रकाना घातला: घसरणे.

मंगळवार, १ एप्रिल. परतीची बस

दौरा क्रमांक दोन. दोन रजा गेल्या, कालची आणि आजची. पण काय हॉटेल आहे! आजोबा, तरुण होतात म्हणणारी काउंटरवरची बाई इथलीच. तिने मला आवाजावरून ओळखलं नाही. नुसतं विचारलं, तुम्ही डोकं कोणत्या दिशेला करणार. (पाहुण्यांच्या सवयींची विचारपूस: दहा.)

खोली २०४. खिडकीतून तळं दिसतं, पूर्ण दिसतं, पडदा सरकवला की समोर. ग्लास हलला नाही. गरम पाणी अडतीस सेकंदांत. मी कॉटवर उड्या मारून पाहिल्या, आधी हळू, मग आनंदाने. खालच्या खोलीतून कुणीतरी काठीने छत ठोकलं, तेव्हा आवाज किती जातो तेही कळलं.

एकच गालबोट. अंघोळीला उभा, अंगभर साबण, आणि बाथरूमचा बल्ब गेला. चाचपडत टॉवेल शोधला. बाहेर येऊन बल्ब काढून उजेडात पाहिला. बल्ब आमच्या कारखान्याचा. बुडाशी तपासणीचा शिक्का. शिक्का माझा.

हॉटेलवाल्यांनी बल्ब नीट हाताळला नसणार. तक्रारीचा फॉर्म मागून घेतला, सविस्तर भरला. नाव, पत्ता, घरचा फोन नंबर, सगळं खरं. फॉर्मवर खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही.

बुधवार, २ एप्रिल

संध्याकाळी कामावरून आलो तर ही स्वयंपाकघरात उभी. या आठवड्यात तिची रात्रपाळी, त्यामुळे दुपारी घरी असते. दुपारी हॉटेलचा फोन आला होता. काउंटरवरच्या बाईने माफी मागितली म्हणे, की तुमच्या साहेबांना आमच्याकडे अंधारात अंघोळ करावी लागली, फार वाईट वाटलं.

तक्रारीला चोवीस तासांत घरी फोन. मी ताबडतोब तक्त्याकडे गेलो आणि दहापैकी दहा दिले.

वळून पाहतो तर ही तशीच उभी. म्हणाली, कारखान्याचं काम होतं ना. मी म्हणालो, खरं पाहिलं तर बल्ब कारखान्याचाच होता, म्हणजे काम कारखान्याचंच झालं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "दोन हॉटेलांत तुम्ही राहून आलात. मी अजून एकाही हॉटेलात राहिले नाही." मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर. तिला पद्धत समजावून सांगितली. आमच्याकडे नमुन्याचा बल्ब तो जाईपर्यंत जळत ठेवतात. तो विकता येत नाही, संपतोच, पण त्याच्यामुळे बाकीचे किती टिकतील ते कळतं.

तिने विचारलं, "आणि आपल्यात नमुना कोणता संपतोय?"

फार मुद्देसूद प्रश्न. तिला विषयात रस निर्माण झाला आहे. सविस्तर उत्तर देणार होतो, पण तिची ड्यूटीला जायची वेळ झाली.

शनिवार, ५ एप्रिल

घरात वातावरण एकदम छान. मला वाटलं होतं ही दोन-चार दिवस फुगून बसेल. उलट गुणगुणते आहे. हॉटेलबद्दल एक अक्षर विचारत नाही. मी तक्त्यासमोर उभा राहिलो की लेकीकडे बघून हसते. माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला आहे. या विश्वासाला जागलं पाहिजे.

साडूभाऊ येऊन गेले. तक्ता वाचायला त्यांना पाऊण तास लागला. म्हणाले, अहो, एवढ्या वेळात आम्ही जाऊन आलो असतो. असूया, दुसरं काय.

शनिवार, १२ एप्रिल

२०४ बुक करायला फोन हातात घेतला होता. नंबरही लावला. आणि थांबलो. एका नमुन्यावरून कुणी शिक्का मारत नाही. दुसऱ्यांदा तोच निकाल आला तरच पास. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवतो. मग स्वतःच्या बायकोच्या बाबतीत ढिलाई?

रजा शिल्लक तीन. सोमवारची एक गेली तर दोन उरतात. दोन दिवसांची सहल तीन दिवसांच्या सहलीपेक्षा चांगली, कंटाळा येत नाही. उद्या पहाटेची बस. हिची ड्यूटी आहे, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावली: अंतिम तपासणीस जात आहे. या वेळी काहीही लपवलेलं नाही. मन कसं हलकं झालं.

सोमवार, १४ एप्रिल. सकाळी ७. खोली २०४

काउंटरवरची बाई मला बघून चमकली. विचारलं, मॅडम नाही आल्या. म्हणालो, मॅडम नंतर. ती म्हणाली, हो, तेच तर. आणि रजिस्टर पटकन मिटलं. (गोपनीयता: दहा.)

नवीन बल्ब लावलाय. दुसऱ्या कंपनीचा. दुर्लक्ष केलं.

गरम पाण्याची फेरतपासणी सकाळी पाचपासून चालू. सलग पंधरा वेळा नळ चालू-बंद, प्रत्येक वेळी मध्ये गार होईपर्यंत थांबायचं, मग अंगावर घेऊन पाहायचं. पंधरापैकी पंधरा. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात गारठले होते.

मंगळवार, १५ एप्रिल. खोली २०४

ताप. शंभर पॉइंट चार. कारखान्याला फोन करून आजची रजा कळवली. इथल्या खोल्या आवरणाऱ्या मावशींनी दोन जादा ब्लँकेट आणि गरम सूप दिलं. आजारी पाहुण्याची काळजी हा रकाना तक्त्यात नव्हता, तो या तापामुळे मिळाला. चोविसावा.

काउंटरवरून कळलं म्हणून हिचा फोन आला होता. म्हणाली, ताप किती, गोळी घेतली का, पाणी पीत राहा. मी इथलं सूप किती छान आहे ते सांगितलं. ती म्हणाली, तिथेच पडून राहा, बसने येऊ नका. नर्स आहे ना, कळतं तिला.

बुधवार, १६ एप्रिल. खोली २०४

ताप उतरला, अशक्तपणा आहे. चहा खोलीत आला. गरम. खिडकीत बसून प्यायलो. तळ्यावर ऊन पडलं होतं. वाटलं, हिला किती आवडेल हे सगळं. आजची रजाही कळवली. दुपारच्या बसने निघतोय.

शुक्रवार, १८ एप्रिल

ऐतिहासिक दिवस. संध्याकाळी सहा वाजता दोघींना टेबलाशी बसवलं आणि निकाल जाहीर केला. तळ्याकाठच्या अडतीस हॉटेलांत पहिला क्रमांक: तेच, खोली २०४. दोनशे चाळीसपैकी दोनशे एकतीस. मी तक्त्यावर खराखुरा शिक्का मारला, कारखान्यातून आणला होता.

ही हसायला लागली. लेकही. हिने फोन माझ्यासमोर धरला. बुकिंगचा मेसेज. तेच हॉटेल, तीच खोली, दोन माणसं, २४ ते २७ एप्रिल. बुकिंगची तारीख २ एप्रिल. त्याच दिवशी केलं होतं म्हणे, काउंटरवरच्या बाईचा माफीचा फोन आला तेव्हाच, बोलता बोलता. तिला मला चोवीसला सरप्राइज द्यायचं होतं, पण आता राहवलं नाही. मी विचारलं, निकष काय लावलास. म्हणाली, चुकल्यावर स्वतःहून फोन करून माफी मागतात, म्हणजे माणसं चांगली असणार.

एकच निकष! आणि उत्तर तेच. चोवीस रकान्यांचं आणि एका रकान्याचं उत्तर जुळलं, याहून मोठा पुरावा कोणता? मी खुर्चीवरून उठून तिला टाळी दिली. तिनेही दिली. स्लिपरचं खोकं कपाटावरून खाली आलं.

मग तिने विचारलं, "चोवीसला किती वाजताची बस घ्यायची?"

तेव्हा मला रजा आठवल्या. सहामधून एक, दोन आणि तीन. मी बोटांवर मोजल्या, मग लेकीने मोजल्या.

ही खोक्याचं झाकण लावून बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता. आपल्याकडे पाणी तापायला वेळ लागतोच.

शनिवार, १९ एप्रिल

मॅनेजरसाहेबांना भेटलो. पूर्ण आत्मविश्वासाने. लग्नाचा विसावा वाढदिवस, एकच बायको, तीन दिवस. त्यांनी रजेचं कार्ड काढलं. विचारलं, हे सहा दिवस कुठे होतात. मी तक्ता उलगडून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली, म्हणाले, काम चोख आहे. नवीन रजा मे महिन्यात लागतील. चोवीसला तर ऑर्डरचा माल जायचाय, शिक्का कोण मारणार.

मी किती महत्त्वाचा माणूस आहे हे निदान कळलं.

रविवार, २० एप्रिल

प्रस्ताव मांडला: सहल मे महिन्यात. तोपर्यंत तिसरा नमुनाही, पण वाक्य पुरं झालं नाही. ही म्हणाली, तिने इस्पितळातून रजा मागून घेतली आहे, दोन नर्सेसशी पाळ्या बदलल्या आहेत, आणि मे महिन्यात त्यांचे उपकार फेडायचे आहेत. मग म्हणाली, "मी जाणार आहे. तुम्ही नसलात तरी जाणार." आवाज अजिबात चढवला नाही. वीस वर्षांत ही इतक्या हळू कधी बोलली नव्हती.

लेकीने दुपारी आईची बॅग भरली.

मंगळवार, २२ एप्रिल

एकदम उपाय सापडला! रोज काम संपल्यावर साडेपाचची बस, रात्री बाराला हॉटेलात, पहाटे दोनची परतीची बस, आठला गावात, नऊला कामावर. तीन दिवस असं सहज जमेल. वेळापत्रक लिहून हिला दाखवलं. म्हणाली, म्हणजे दोन तास माझ्याबरोबर आणि बारा तास बसमध्ये. मी म्हणालो, दोन तास तर दोन तास. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

गुरुवार, २४ एप्रिल. रात्री

सकाळी हिला बस स्टँडवर सोडून आलो. तक्ता लहान करून, प्लास्टिकमध्ये घालून तिच्याकडे दिला होता. घरी येऊन पाहतो तर चपलांच्या स्टँडवर राहिलाय. घाईत विसरली असणार.

बस सुटताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझे केस नीट केले. वीस वर्षं पूर्ण. मी कामावर दोन हजार बल्बांवर शिक्के मारले, एकही नीट पाहिला नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल. सकाळी ८.४०

फोन मीच केला. गरम पाणी किती सेकंदांत आलं विचारलं, म्हणाली, अजून अंघोळ केलेली नाही, आत्ता उठले. आत्ता! ही बाई पाचला उठते. उशीचं विचारलं. म्हणाली, दोन आहेत, दोन्ही मीच घेतल्या. स्लिपर घसरते का? नाही घसरत. तळ्यावर धुकं आहे, एक होडी आहे, होडीत कुणी नाही. मावशींनी अंथरूण घातलं तेव्हा ती बाजूला उभी राहून नुसती बघत होती म्हणे, आणि तिला रडू आलं आणि हसूही आलं.

मग मी खोली कशी आहे ते विचारलं. मला माहीत होती, तरी विचारलं.

"छान आहे," म्हणाली. "पण एकटीला फार मोठी आहे हो."

मी म्हणालो, मी तिथे असायला हवा होतो. म्हणाली, हो. इतक्यात तिकडे दार वाजलं, चहा आला, म्हणून तिने फोन ठेवला.

मला नऊला कामावर पोहोचायचं आहे.